मुंग्यांची मालगाडी

मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आत ठेवून आधी पाय बाहेर काढले. आई म्हणायची, तेव्हापासूनच तुला नको तिथे पाय घालायची सवय. आमच्याकडे अशा माणसाच्या पायात गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळू माणसाने त्याच्या कमरेवर तीनदा पाय लावायचा, उसण पळते. कधी कधी उसण राहते आणि माणूसच पळतो, पण काहीतरी पळालं ना, म्हणून पायाचं नाव होतं.

माझ्या पायाचं श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात चांगलंच नाव झालं होतं. आमची पिठाची गिरणी होती आणि ती मीच चालवत असे. दळणाला येणारी माणसं डब्याबरोबर पाठही घेऊन यायची. पन्नाशीतल्या त्या बाईचा, म्हणजे माझाच, तोरा आठवला की आज मलाच हसू आवरत नाही. टाच दगडाने घासून चकचकीत ठेवायची, जणू लोक दर्शनाला येणार होते. पायाचं काही घेत नसे, फक्त कौतुक घ्यायची, आणि ते मात्र शिगोशीग.

एका रविवारी संध्याकाळी शेजारचे बाजीराव ड्रायव्हर भिंत धरत धरत गिरणीत आले. उंच माणूस, पण त्या दिवशी कोयत्यासारखा वाकलेला.

"वैनी, उद्या भंडारदऱ्याची मुक्कामी गाडी हाय माझ्याकडं. तेवढा पाय लावा, म्हंजी सुटलो."

मी त्यांना पोत्यावर पालथं झोपवलं. दोनदा पाय लावला, अगदी रीतीप्रमाणे, हलका. तेवढ्यात दळणाच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अगं, नेट लावून लाव की! ड्रायव्हरची पाठ आहे, फुलाची नाही." झालं. रांगेतल्या बायका बघत होत्या. आणि मी तिसऱ्या वेळी पाय लावला नाही, पाय दिला. त्या पायावर माझं सगळं वजन होतं, आणि तेव्हाचं वजन मी आजही कागदावर लिहिणार नाही.

बाजीराव ओरडले नाहीत. लहान मुलासारखं बारीक "आयो" म्हणाले आणि तिथेच राहिले. त्यांना खाटेवर घालून घरी न्यावं लागलं. मी गिरणी बंद केली आणि पाय कुठे ठेवावा ते न समजून उभी राहिले.

हे बाजीराव मूळचे जामखेडजवळच्या खर्ड्याकडचे. आईबाप उसाच्या टोळीबरोबर दर हंगामात आमच्या भागात यायचे, पोरगं पाचटाच्या कोपीत वाढलं, उसाच्या ट्रकवर आधी किन्नर, म्हणजे क्लीनर, मग ड्रायव्हर झालं, आणि शेवटी श्रीरामपूरच्या डेपोत एसटीच्या लाल गाडीवर लागलं. गाडी म्हणजे त्यांचं घरचं जनावर. सकाळी तिच्या तोंडावर थाप मारून "चल बाय" म्हटल्याशिवाय ते वर चढत नसत. हॉर्न वाजवायचा त्यांना तिटकारा. "हॉर्न म्हंजी शिवी," म्हणायचे, "रोज दिली का कुनी ऐकत न्हाई." उन्हाळ्यात भंडारदऱ्याहून येताना टोपीत करवंदं आणायचे आणि ती वाटताना स्वतः झाड लावल्याचा आव आणायचे. थापाही मारायचे. घाटात बिबट्याने त्यांच्या गाडीला वाट दिली, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की बिबट्याही कंटाळला असेल.

एक खोड मात्र आम्हाला कधी समजली नाही. चालता चालता मधेच थांबायचे आणि उजवा पाय जमिनीवर आपटायचे. धाड धाड. आम्हाला वाटायचं, ड्रायव्हर लोकांची मिजास. आमचे हे तर नक्कल करून दाखवायचे.

पाठदुखी त्यांना जुनी होती, आणि तिच्याशी त्यांचं नातं बायकोने चिडावं इतकं जवळचं होतं. तिला ते नुसतं 'ती' म्हणायचे. सकाळी मी कुंपणावरून विचारावं, "उठलात का?" तर त्यांची बायको हिरा आतून म्हणायची, "ह्यांच्या आदी तीच उठती, अक्का. च्या बी तिलाच आदी लागतो." चहाबरोबर ते दुखण्याची गोळी पेपरमिंटसारखी चघळत आणि ड्यूटीवर जात. डॉक्टरला दाखवायचं नाव नाही. दाखवलं आणि डॉक्टरने गाडी बंद केली तर? नोकरीची अजून काही वर्षं होती आणि माणसाला एकच पडली होती: शेवटच्या दिवशी स्टेरिंगवरून उतरायचं, दुसरीकडून कुठून नाही.

आणि मी त्यांना पोत्यावरच उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन गेले. हिरा दारात उभी. माझ्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघत म्हणाली, "या अक्का. दुसरा पाय लावायचा ऱ्हायलाय का?"

मी डबा ठेवला आणि आले. तिचं काय चुकलं?

नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेली होती. ऑपरेशन लगेच नको म्हणाले. आधी विश्रांती, मग व्यायाम. बाजीराव कित्येक आठवडे पडून होते. डेपोतून एक साहेब भेटायला आले आणि प्रेमानेच म्हणाले, "बाजीराव, गेटवर वॉचमनची जागा आहे. हलकं काम आहे. घ्या."

साहेब गेल्यावर बाजीराव भिंतीकडे तोंड करून पडले. हिरा मला म्हणाली, "गेटवर बसवलं तर हे दर गाडीला सलाम घालत्याल आन् दर गाडीला रडत्याल." त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा पायाचा विषय सोडून बोलली. म्हणून मी हिय्या केला. श्रीरामपूरला औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर एका मुलीने नवाच दवाखाना काढला होता, तनुजा नाव, व्यायाम आणि मशिनींनी उपचार करायची. रिक्षा करून आम्ही त्यांना तिथे नेलं. जिना चढताना मी मागे होते. हिरा म्हणाली, "अक्का, तुमी म्होरं व्हा. मागनं नगं."

तनुजाने सगळं तपासलं, मग एक मशीन काढलं. साबणाच्या वडीएवढं. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला चिकटणाऱ्या चौकोनी पट्ट्या. बाजीरावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्याच्यात बॅटरी किती? अन् हे पाठीला स्टार्टर मारनार?"

तनुजा हसली. कमरेला मणक्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या आणि चक्री हळूच फिरवली. बाजीरावांचे डोळे गोल झाले.

"मुंग्या! आयला, मुंग्या सुटल्या की!"

"त्याच हव्यात, काका. दुखतंय का?"

"न्हाई. गुदगुल्या बी न्हाईत. नुसत्या मुंग्या चालल्यात, लायनीत."

तनुजाने समजावलं, आणि हे मी नीट ऐकलं कारण एव्हाना माझ्या स्वतःच्या पायाच्या शास्त्रावरचा विश्वास उडाला होता. ती म्हणाली, ह्याने पाठ बरी होत नाही. दुखण्याचा निरोप वर मेंदूकडे जातो त्या वाटेवर ह्या मुंग्यांनी गर्दी करायची, म्हणजे दुखणं कमी पोचतं. कुणाला जास्त फरक पडतो, कुणाला कमी, कुणाला काहीच नाही. पण जेवढा वेळ ते कमी असेल तेवढ्यात चालायचं, वाकायचं, पाठीला पुन्हा कामाला लावायचं. खरं औषध ते.

बाजीराव एकदम म्हणाले, "रेल्वेचं फाटक!"

"काय?"

"आमच्याकडं फाटक हाय ना. मालगाडी आली का फाटक बंद. ती अशी लांब, संपतच न्हाई. तवर मोटारी, ट्रक, समदे अलीकडं उभे. तसं हाय हे. कळ निघाली वर जायला, आपुन मुंग्यांची मालगाडी सोडायची. कळ बसली हॉर्न वाजवत."

तनुजाने वही खाली ठेवली आणि म्हणाली, "काका, कॉलेजात आम्हाला हेच शिकवतात. त्यालाही फाटकच म्हणतात."

त्या दिवसापासून बाजीराव बिबट्याऐवजी फाटकाची गोष्ट सांगू लागले आणि स्वतः शोध लावल्याचा आव आणू लागले.

सगळं सरळ झालं असं नाही. तनुजाकडून तसलंच मशीन घरी आणलं त्याच दिवशी हिराने नवऱ्याच्या पाठीला लसणाचं तेल चोळलं, कारण पाठ म्हटली की तेल आलंच, आणि वरून पट्ट्या लावल्या. पट्ट्या घसरून धोतराच्या काठापर्यंत गेल्या. बाजीराव ओरडले, "अगं, मुंग्या वाट चुकल्या!" पट्ट्यांना लसणाचा वास असा बसला की पुढे कित्येक दिवस ते मशीन लावून गिरणीत आले की बायका विचारायच्या, आज काय चटणी केली?

नंतर त्यांनी शिस्त बसवली. कोरड्या, धुतलेल्या कातडीवरच पट्ट्या. काढल्या की पाण्याचं बोट लावून परत प्लास्टिकवर चिकटवायच्या आणि पानाच्या डब्यात ठेवायच्या. तंबाखू सोडली होती, डबा रिकामाच होता. चक्रीवरच्या आकड्यांना ते गेर म्हणायचे. "आज दुसऱ्यावर भागलं," "आज चढ हुता, तिसरा टाकला." एकदाच रागाच्या भरात त्यांनी सगळ्यात वरचा टाकला. पाठीचा स्नायू असा आवळला की ते खाटेवर धनुष्य झाले. तनुजाने खरडपट्टी काढली: "काका, घाटात टॉप गेर टाकता का?" हे त्यांना एकदम पटलं. पुन्हा कधी टाकला नाही.

आता व्यायामाचं. तनुजाने सांगितलं होतं, तुम्हाला जे काम करायचंय त्याचाच सराव करा: पायरी चढणं, बसणं, हादरे सोसणं. बेलापुरात हादरे कुठे मिळणार? बाजीराव माझ्याकडे आले. गिरणीच्या ओट्याकडे बघून म्हणाले, "वैनी, ही तुमची मशीन चालू आसली का ओटा थरथरतो का न्हाई?"

"थरथरतो."

"मंग मला हितं बसू द्या."

अशी आमच्या गिरणीत गाडी सुरू झाली. ओटा गाडीच्या पायरीएवढाच उंच. ते धोतर सोडून पायजमा घालून यायचे, मशीन नाडीला अडकवलेलं, वायरी बनियनच्या आत. आधी ओट्यावर चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. मग स्टुलावर बसून दोन्ही हातांत माझी मोठी पिठाची चाळण धरायची आणि वळवायची. खाली गिरणी धडधडते आहे, पिठाची धूळ उडते आहे आणि हा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत घाट चढतो आहे. पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांच्यातलीच एक ओरडली, "राजूर, शेंडी, भंडारदरा! चला मागं सरका!" दुसरी म्हणाली, "ड्रायव्हर, माझं दळण वाटेत उतरवा." बाजीराव मान न वळवता म्हणाले, "बाई, पुढच्या दारानं उतरू नका."

तोंडावरून मात्र आम्हाला कळायचं. ओठ घट्ट झाले की 'ती' आली. मग ते उठून चार पावलं चालायचे, परत बसायचे. आधी गव्हाच्या एका डब्याचं दळण होईपर्यंत बसवत नसे. मग एक डबा झाला, मग दोन. एखाद्या दिवशी पुन्हा अर्ध्यावर उठायचे आणि चाळण माझ्या हातात देऊन घरी जायचे. असा एकदा आठवडा गेला. आले नाहीत. हिराने सांगितलं, "गेटवर बसतो म्हनाया लागलेत."

मी जाणार होते. पण काय सांगणार होते? उठा म्हणणारी मी कोण, पाडणारी मी. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू केली तर पहिला डबा हिराचा. डबा ठेवला, आणि ओट्यावरची चाळण उचलून पदराने पुसली. म्हणाली, "सांजच्याला येत्यात. म्या सांगितलं, गाडी तुमची हाय, पॅसेंजर थांबलेत." आणि पहिल्यांदाच माझ्या पायाऐवजी तोंडाकडे बघून हसली.

डेपोच्या तपासणीच्या दिवशी त्यांनी पट्ट्या स्वतःच काढल्या, डब्यात घातल्या आणि डबा हिराकडे दिला. गाडी चालवताना मशीन लावायचं नाही, हे तनुजाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि त्यात त्यांनी कधी लबाडी केली नाही. डॉक्टरांनी वाकवलं, चालवलं, पायाची ताकद पाहिली. मग एका साहेबांना शेजारी बसवून मोकळी गाडी फिरवून आणायची होती. हिरा आणि मी डेपोच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभ्या. रस गरम झाला तरी हातातला ग्लास हातातच. गाडी आत आली तेव्हा बाजीराव खाली उतरले, गाडीच्या तोंडावर थाप मारली आणि आमच्याकडे चालत आले.

"काय झालं हो?" हिरा दोन पावलं पुढे झाली.

"ती आलती," बाजीराव म्हणाले. "म्हनलं, ये. पर मागं बस. हितं माझी शीट हाय." मग हिराच्या हातातला रस घेऊन एका दमात प्यायले आणि म्हणाले, "सोमवारपासनं ड्यूटी."

नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी गाडीच चालवली. पाठ अधूनमधून दुखायची, पण सकाळचा व्यायाम चुकला नाही. गोळ्या जवळजवळ सुटल्या. मुक्कामी गाडी घेऊन वर गेले की रात्रीच्या खोलीत मशीन लावून येरझारा घालायचे. त्यामुळे ते डेपोत प्रसिद्ध झाले आणि ज्याची त्याची पाठ त्यांच्याकडे येऊ लागली. ते आधी तनुजाचे प्रश्न विचारायचे, एकही न गाळता. छातीत पेसमेकर हाय का? फिट येती का? कातड्यावर जखम हाय का? पोटात बाळ हाय का? हा शेवटचा प्रश्न मिशीवाल्या कंडक्टरलाही विचारायचे. सगळी उत्तरं मिळाली तरी मशीन द्यायचे नाहीत, तनुजाचा पत्ता द्यायचे. "आदी तपासा," म्हणायचे, "पाठ तुमची हाय, अंदाज माझा नगं."

मीही पाय बंद केला. लोक येतच राहिले. मी म्हणायची, पाय मिटला. एका म्हाताऱ्याने विचारलं, मग उघडणार कधी?

निवृत्त झाल्यावर बाजीरावांनी खर्ड्याला घर बांधलं आणि दोघं तिकडे राहायला निघाली. एव्हाना जन्मभर डबे उचलून माझीही कंबर गेली होती आणि मी तनुजाच्या जिन्यावर नेमाने चढत होते. जायच्या आदल्या दिवशी बाजीराव आपलं जुनं मशीन घेऊन आले.

"तनुजाबाईंना इचारलंय, तुमाला चालंल म्हनल्या. तरी सांगा. पेसमेकर?"

"नाही."

"पोटात बाळ?"

"भाऊजी! साठी उलटली माझी!"

"इचारावं लागतं," ते गंभीरपणे म्हणाले. पट्ट्या कशा लावायच्या ते हिराने दाखवलं. बाजीराव बाहेर उभे राहून ओरडत होते, "तेल नगं! आन् पैल्या गेरात उचला!"

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. जामखेडची गाडी लागली होती. बाजीराव ड्रायव्हरच्या मागच्याच जागेवर खिडकीशी बसले होते, पाठ ताठ, खिशात नवं मशीन. लाल गाडीत मी त्यांना प्रवासी म्हणून पहिल्यांदाच पाहत होते. तरणा ड्रायव्हर उभ्या गाडीचं इंजिन रेस करायला लागला की बाजीरावांचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन पत्र्यावर दाबला जायचा. आपटत मात्र नव्हते. माझ्या तेव्हाच ध्यानात आलं, की ती धाड धाड मी कितीतरी दिवसांत ऐकलेली नाही.

इतकी वर्षं एक वाक्य माझ्या तोंडात अडकलं होतं. खिडकीचा गज धरून मी म्हणाले, "भाऊजी, तो पाय... मी तसा द्यायला नको होता."

त्यांनी हिराकडे पाहिलं. ती पलीकडच्या खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे ते काय सांगणार हे तिला माहीत होतं. मग खिडकीतून वाकून, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "वैनी, त्या टायमाला माझा उजवा पाय घाटात मदीच बधिर व्हायचा. ब्रेकवर हाय का न्हाई, कळायचं न्हाई. आपटून आपटून जागा करायचो. कुनाला बोललो न्हाई, बोललो आसतो तर स्टेरिंग गेलं आसतं. दुसऱ्या दिशी भरलेली गाडी घिऊन तसाच वर जानार हुतो. तुमी मला पोत्यावर पाडलं, म्हनून तितं घाटात कुनी पडलं न्हाई. पर हे लोकास्नी सांगू नका बरं का, न्हाईतर परत पायाला रांग लागंल."